बुडालेल्याची नळी

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 साली ती ओलांडून नदी थेट लोकांच्या माजघरात आली. तरी बुडी मारायला आम्ही पैसे मोजून तारकर्लीलाच जाणार! परतीच्या एसटीत कुणी स्कूबाचं सामान विसरलंच, तर आगारात नोंद व्हायची: ‘गॉगल मोठा, एक; गॅसची नळी, एक.’ सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं ती स्वतःची असल्यासारखी जपावी, असं 1872 च्या करार कायद्याचं कलम 71 सुचवतं. जपतोच की! साताऱ्यात मास्क कांदा चिरताना, सांगलीत फिन्स पुढच्या पुरासाठी माळ्यावर. मालक आलाच, तर ओळख पटवायला म्हणतील, ‘समोर विहीर आहे, बुडून दाखवा.’