आरसा नाणं कसं ओळखावं: नवशिक्यांसाठी

साहित्य: मूठभर चिल्लर, कालचा पेपर, खिडकीचा उजेड आणि एक भिंग. पितांबरी लागत नाही. आधी ती नजरेआड करा.

चिल्लर नागपूरच्या संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेतून नवीकोरी मिळाली तर उत्तम, नाही तर सीताबर्डीचा पानठेला आहेच. आता नाणं पेपरावर उभं धरा. त्याच्या सपाट भागात मथळ्याची अक्षरं, उलटी का होईना, वाचता आली तर घबाड हाती लागलं, हेच आरसा नाणं. नुसतीच चमक दिसली आणि नाणं तिरपं करताच उजेडाचे आरे चाकासारखे फिरले, तर ते साधं नवं नाणं. खुशाल पोहे खा त्याचे.

करामत ठशाची असते. टांकसाळीत ठशाचा सपाट भाग घासून गुळगुळीत केला, की त्याखालून निघालेली पहिली नाणी आरसा होऊन येतात. पण दर दाबाला धातू मधून कडेकडे धावतो आणि जाता जाता ठशावर केसासारख्या रेघा ओढतो. त्याच रेघांचे पुढे ते फिरणारे आरे होतात. ठशाला इजा झाली, की कारागीर तो पुन्हा घासतात आणि आरसा थोडा वेळ परत येतो. (नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांत आरसा शोधू नका. हातोड्याच्या घावाखाली अख्खा ठसा उमटला तरी नशीब.)

भिंगातून बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका, त्या उठावाच्या आहेत की खोल ते बघा. उठावाच्या असतील तर ठसा घासताना त्यावर पडलेल्या चऱ्या नाण्यावर उलट्या उमटल्यात, माल अस्सल. खोल असतील तर आधीच्या मालकाने दिवाळीच्या भांड्यांबरोबर नाणंही घासलंय.

सालाखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल तर नाणं मुंबईचं. मुंबईची टांकसाळ संग्राहकांसाठी मुद्दाम आरशाची नाणीही पाडते. त्यांच्या चकत्यासुद्धा चमकवून घेतात आणि ठसा एकाहून जास्त वेळा दाबतात. कुणाच्या पोराने बाबांचा तसला संच फोडून कुल्फी खाल्ली असेल, तर ते नाणं चिल्लरीत आलं म्हणून आपल्या आरसा नाण्यांच्या खात्यात धरू नये.

सापडलेलं नाणं फक्त कडेने धरा. नागपूरचा मे महिना आणि घामेजला अंगठा, एवढ्यात आरसा जातो. आणि खर्ऱ्याचे पैसे देताना दुसऱ्या खिशात हात घाला.