पाऊस आमचाच : कोल्हापूरकरांना खुले पत्र

समस्त कोल्हापूरकर क्रिकेटप्रेमींना जयगडहून रामराम.

जून 2023 च्या अखेरीस, महाराष्ट्र प्रीमिअर लीगच्या पहिल्याच वर्षी, आमच्या रत्नागिरी जेट्सने तुमच्या कोल्हापूर टस्कर्सला हरवून चषक नेला. ‘हरवून’ हा शब्द वाचून तुमच्यातले निम्मे उठून उभे राहिले असतील. त्यांनी बसून घ्यावे. काय झाले ते आम्हालाही ठाऊक आहे. गहुंज्याच्या मैदानावर तुमच्या 16 षटकांत 8 बाद 80 धावा झाल्या, पाऊस आला आणि तो काही हटला नाही. आमच्या फलंदाजांनी एकही चेंडू खेळला नाही. साखळीत आम्ही पहिले होतो, म्हणून चषक आम्हाला मिळाला. तेव्हापासून तुम्ही म्हणता, हा विजय पावसाचा. आमचेही म्हणणे तेच आहे. वाद उरतो तो एवढाच, की पाऊस कोणाचा?

त्याआधी या संघात रत्नागिरीचे असे काय होते ते पाहू. सामने सगळे गहुंज्याला, म्हणजे पुण्याच्या उंबऱ्यावर. मालकी एका कंपनीची, खेळाडू लिलावातले. तुमच्याकडेही वेगळे चित्र नव्हते. तुमच्या संघाचा चेहरा असलेला केदार जाधव जन्माने पुण्याचा. वैर म्हणजे काय हे खरे तर तुम्ही आम्हाला शिकवावे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की अख्ख्या पेठा गॅलरीत येऊन बसतात, आणि हरलेल्या पेठेला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जावे लागते. आम्हा जयगडकरांनाही चिडवायला शेजारी हवाच असेल, तर तो शास्त्री नदीच्या मुखाशी पलीकडच्या तीरावर, तवसाळला आहे. फेरीबोट मोटारीसकट नेऊन सोडते. दीडशेहून अधिक किलोमीटरवरचे, घाटावरचे कोल्हापूर हे आमचे वैरी कधी झाले? ज्यांची भाजी आंबा घाटाने खाली उतरते आणि ज्यांच्या ताटात आमची मासळी वर चढते, त्यांच्याशी भांडण करायला लीगवाल्यांनी नावे दिली आणि आम्ही दोघांनीही ती निमूटपणे घेतली.

आता पाऊस आमचा असल्याचा पुरावा. त्या वर्षी मोसमी वारे उशिरा आले. 11 जूनला ते रत्नागिरीत पोचले आणि तिथेच अडकले. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळाने त्यांचा जोर काढून घेतला होता. लीग 15 जूनला सुरू झाली तेव्हा मुंबई कोरडी, पुणे कोरडे, आणि पाऊस जवळजवळ दोन आठवडे रत्नागिरीत मुक्काम ठोकून बसलेला. मग 25 जूनला तो एकाच दिवशी मुंबई आणि दिल्लीत दाखल झाला, आणि त्याच आठवड्यात अंतिम सामन्याला गहुंज्यात हजर. लिलावात कोणी बोली लावली नाही, मानधन नाही, गणवेश नाही. पण दोन आठवडे रत्नागिरीत मुक्काम केलेला त्या सामन्यातला हा एकमेव खेळाडू होता. त्याला परका ठरवायचे, तर उरलेल्या अकरांना काय म्हणायचे?

तुमच्यातला एखादा अभ्यासू म्हणेल, पावसाचा ठेका काय कोकणानेच घेतलाय? आमचा गगनबावडा कोल्हापुरातच आहे आणि तिथे तुमच्याइतका, किंबहुना जास्तच कोसळतो. बरोबर आहे. पण तो ढग गगनबावड्याला जातो कुठून? समुद्रावरून कोकणात, कोकणातून सह्याद्रीच्या भिंतीला, आणि भिंत चढता चढता गार होऊन तिथे रिता होतो. तुम्हाला मिळतो तो आमच्या अंगणातून गेलेलाच पाऊस, आणि कोल्हापूर शहरात पोचेपर्यंत त्याचा तिसरा हिस्साही उरत नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच बाजूने येतो आणि तो मला जास्त खुपतो. 8 बाद 80 म्हणजे तुम्ही हरलाच होता, आम्ही सहज जिंकलो असतो, असे इकडची मंडळी सांगतात. हा युक्तिवाद मी करणार नाही. टी-20 च्या नियमाने निकालाला दुसऱ्या डावाची किमान 5 षटके लागतात. तेवढीही मिळाली नाहीत. त्या 5 षटकांत आम्ही काय दिवे लावले असते हे कोणालाच माहीत नाही, आणि छोट्या धावसंख्येमागे लागून गडगडलेले संघ क्रिकेटमध्ये पैशाला पासरी सापडतील. पावसाने तुमची हार टाळली की आमची, हा प्रश्न उघडाच राहतो. म्हणून मी चषकाचे श्रेय पावसालाच देतो, संघाला नाही.

राहता राहिले 2024. त्या वर्षी जेट्सनी अंतिम सामन्यात नाशिकला 24 धावांनी हरवले आणि लोक म्हणाले, आता कसा खरा विजय! विजय असेल; पण त्यात रत्नागिरीचा फक्त शब्द होता, पाणी नव्हते. 2023 चा चषक निदान आमच्या हवामानाने जिंकला. तुमच्या बाजूने एकच मागणी मी जोडीन : अंतिम सामना जूनअखेर ठेवायचाच असेल, तर लीगवाल्यांनी नाणेफेकीच्या वेळी पावसालाही बोलवावे आणि त्याने कोणत्या संघाकडून खेळायचे ते आधी ठरवून घ्यावे.

उत्तर लवकर पाठवा. घाटात दरड कोसळली नसेल, तर पोचेल.

आपला,
जयगडचा एक विजेता