पुस्तक काढायचंय? आधी पलंगाखालचा पसारा काढा

पहिली पायरी म्हणजे पुस्तक लिहिणं, असा नवख्यांचा समज असतो. लिहिणं तर तुमच्या हातून केव्हाच होऊन गेलेलं असतं, निवृत्तीनंतर म्हणा, लॉकडाऊनमध्ये म्हणा. पहिली पायरी जागेची. ११२ पानांची, डेमी आकाराची एक प्रत साधारण दीडशे ग्रॅम भरते. पाचशे प्रती म्हणजे ७५ किलो. टेम्पोवाला दारात उभा राहून ‘कुठं उतरवू?’ विचारतो, तेव्हा घरच्यांच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये.

पाचशेच का? ‘शंभर काढा नाहीतर पाचशे, प्लेटचा खर्च तेवढाच,’ असं मुद्रक सांगतो म्हणून. ऑफसेटपुरतं ते खरंही आहे. डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात. पण पन्नास प्रतींची प्रथमावृत्ती चारचौघांत सांगायला बरी दिसत नाही, तेव्हा तो विचार सोडा.

आता पानांचं गणित. छपाई सोळा पानांच्या फॉर्मनं चालते. ११२ पानं म्हणजे बरोबर सात फॉर्म. शेवटची कविता ११३व्या पानावर सांडली की आठवा फॉर्म लागला आणि मागं पंधरा पानं कोरी राहिली. अशा वेळी दुबळ्या मनाचा लेखक एक कविता गाळतो. तुम्ही ठाम राहा. कोऱ्या पानांवर मिळालेल्या सन्मानांची यादी, ‘आगामी’ पुस्तकांची नावं आणि कॉलनीतल्या गणेशोत्सवात केलेल्या सूत्रसंचालनाचा उल्लेख सहज मावतो.

मुद्रितशोधकाला पैसे देऊ नका. तुमचे मेहुणे बँकेत होते, त्यांचं मराठी चांगलं आहे. होतं काय, की युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर डीटीपीवाला त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवतो आणि त्या फिरवाफिरवीत रफार बिथरतो. ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो, ‘कर्तव्य’चं ‘कतर्व्य’. मेहुणे मजकूर वाचतात, अक्षरं नाही. डोळ्याला सवयीनं ‘धर्म’च दिसतो. मुद्रितशोधक नेमकं उलटं करतो: मजकूर त्याला आवडो न आवडो, तो अक्षर न् अक्षर टोकरत जातो आणि दुसरं प्रूफ पहिल्याशी ताडून बघतो. म्हणून तर तो महाग वाटतो. मेहुणे ‘झकास!’ असा शेरा मारून गठ्ठा परत करतात आणि अर्पणपत्रिकेत, जाड टायपात, ‘तीथर्रूप आईस’ छापून येतं. चूक सापडते ती प्रकाशनाच्या दिवशी, आणि ती सापडते मेहुण्यांनाच.

प्रस्तावनेसाठी नामवंत गाठा. ते वर्षभर ‘बघतो’ म्हणतील. मग चार पानं येतील: तीन मराठी कवितेच्या सद्यःस्थितीवर, अर्ध्यात तुमच्याच ओळी, उरलेल्या अर्ध्यात पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यातलंच एक वाक्य उचलून मलपृष्ठावर पाठराखण म्हणून लावा. ‘पण’ या शब्दाच्या अलीकडे थांबायचं, एवढं भान ठेवा.

आयएसबीएन हवाच. राजा राममोहन रॉय यांच्या नावानं चालणारी केंद्र सरकारची संस्था तो मोफत देते; लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. पण फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, म्हणून एखाद्या मध्यस्थाला त्याचे हजारभर रुपये द्या आणि तो आकडा पदवीसारखा मिरवा. वास्तविक तो पुस्तकाचा निव्वळ ओळखक्रमांक आहे, चांगल्यालाही मिळतो आणि वाईटालाही.

दुसरी सरकारी बाब मात्र कोणी सांगत नाही. १९५४च्या कायद्यानुसार, प्रकाशन झाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही. प्रकाशक तुम्हीच, तेव्हा जबाबदारीही तुमचीच. न पाठवल्यास त्या कायद्यात दंड लिहिला आहे पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. देशात तुमचं पुस्तक हक्कानं मागणारे हे चौघेच, आणि नेमकं त्यांनाच कोणी पाठवत नाही.

प्रकाशन समारंभाला कंजुषी नको. शाल, श्रीफळ, बटाटेवडा, कॉफी. पुस्तकं चकचकीत कागदात गुंडाळून वर रेशमी फीत बांधा, पण गाठ सैल ठेवा. अध्यक्षांनी ती दातांनी सोडवल्याचा फोटो कायमचा राहतो. अध्यक्ष म्हणतील, ‘पुस्तक कालच हाती आलं, नुसतं चाळलं.’ मनाला लावून घेऊ नका. चाळलं, हेही पुष्कळ आहे.

मग विक्री. समजा किंमत दोनशे रुपये. वितरक चाळीस ते पन्नास टक्के सवलत मागतो. पन्नास धरली तर हाती शंभर. छपाईला प्रतीमागं ऐंशी गेले असतील तर उरले वीस. त्यात मुखपृष्ठ, डीटीपी, टपाल आणि ते बटाटेवडे बसवायचे. तेही माल विकला गेला तर, आणि हिशेब आला तर. आप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत पुस्तक दिसावं असं वाटत असेल तर तिथं मित्राला पाठवून ते मागायला लावा. लाज बाळगू नका; अमेरिकेत वॉल्ट व्हिटमननं १८५५ साली पदरमोड करून काढलेल्या आपल्या कवितासंग्रहावर स्वतःच निनावी परीक्षणं लिहिली होती. त्याचा संग्रह पुढं टिकला, हा भाग वेगळा.

नातेवाइकांचं काय? ‘आमच्यासाठी एक प्रत ठेव रे,’ याचा अर्थ ‘फुकट दे’ असा होतो. व्हॉट्सॲपवर मुखपृष्ठ टाका. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडेल. त्यांतल्या एकालाही खात्याचा क्रमांक पाठवून बघा, पाऊस थांबतो.

‘राज्यस्तरीय’ पुरस्कारांना प्रती जरूर पाठवा. प्रवेशशुल्क मागणारे कोण, हे आधी बघा. शुल्क जितकं जास्त, तितके पुरस्कार अधिक.

शेवटी एक विनंती, ही मात्र चेष्टा नाही. मला भेट प्रत पाठवू नका, मी विकत घेईन. फक्त पुस्तक कुठं मिळतं तो पत्ता आणि फोन क्रमांक आतल्या पानावर ठळक छापा. स्वखर्चानं काढलेल्या पुस्तकांत तेवढंच बहुधा राहून गेलेलं असतं.