दहाव्या शाखेतील साखर

भारतीय अन्नकायद्याचे बारकाईने परिशीलन केले असता असा निष्कर्ष निघतो की, साखरेच्या अंगी उष्मांक उत्पन्न होतात ते ती विकणाऱ्याची दहावी शाखा उघडल्यानंतरच. उष्मांक, म्हणजे व्यवहारातील कॅलरी, हे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेचे माप होय; आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांतील जी तरतूद १ जुलै २०२२ पासून अमलात आली, तिच्यानुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा थाटलेल्या खाद्यगृहांनीच हा आकडा पदार्थाच्या नावापुढे लिहायचा आहे. परिणामी, ज्या मॉलमधील ग्राहकाच्या मनगटावरचे घड्याळ त्याची पावलेही मोजते, त्याला आकड्यांची टंचाई भासू नये, याची शासनाने चोख व्यवस्था केली आहे.

वाराणसीचा संकठा घाट या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहतो. संकटनिवारण करणाऱ्या संकठा देवीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घाटाच्या एका अंगाला शिंद्यांचा घाट असून दुसऱ्या अंगाला थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, त्यामुळे मराठी यात्रेकरूला हा परिसर परका वाटत नाही. आणि वैशाखाच्या उन्हात इथल्या पायऱ्या चढून आलेल्याच्या हाती बर्फाच्या पेटीतली शीतपेयाची बाटली ठेवणारा विक्रेता एकशाखीय असल्यामुळे, फलक लावण्याचे संकट देवीला साकडे न घालताच टळते. माहिती बाटलीवर छापलेली असतेच, असे यावर सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मात्र ती बारीक अक्षरांत आणि १०० मिलिलिटरच्या हिशेबाने छापलेली असते, आणि बाटली गळ्यापर्यंत गंगास्नानाच्या थाटात बुडालेली असल्याने पैसे मोजून होईपर्यंत तिचे दर्शन घडत नाही.

उरलेला गुणाकार ग्राहकाने करावयाचा असतो. साखरेच्या नेहमीच्या कोलामध्ये १०० मिलिलिटरमागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते आणि साखरेच्या एका ग्रॅमपासून ४ उष्मांक मिळतात, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीतून सुमारे २६ ग्रॅम, अर्थात सहा-साडेसहा चमचे साखर आणि शंभराहून थोडे अधिक उष्मांक पोटात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त साखर, म्हणजे पदार्थात वरून घातलेली तसेच मधातली व फळांच्या रसातली साखर, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून आणि शक्यतो पाच टक्क्यांहून, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमहून, कमी ठेवण्याची शिफारस केली असल्याने दिवसभराची ही शक्य तेवढी मर्यादा एकाच बाटलीत संपते. हा त्रैराशिकाचा पाठ घशाला कोरड पडलेल्या यात्रेकरूने उभ्याउभ्या सोडवावा, ही अपेक्षा अवाजवी मानली जात नाही. आणि छापील कमाल किमतीवर ‘थंड करण्याचे’ पैसे आकारणे कायद्याला मंजूर नसतानाही देशभरातील अनेक दुकानांत ती बेरीज ज्या चपळाईने केली जाते, ती पाहता पेयविक्रीच्या क्षेत्रात गणिताचा अभाव आहे, असे म्हणता येत नाही.

अशा पेटीवरही साखरेचा फलक असावा, या सूचनेला होणारे आक्षेप शास्त्रशुद्ध रीतीने मांडल्यास ते दोन ठरतात. पहिला आक्षेप स्वाभिमानाचा. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्सच्या उपाहारगृहात साखर-तेलाचे फलक लागणार, अशा बातम्या येताच समोसा व जिलेबी यांच्यावर राष्ट्रीय संकट कोसळल्याचा गलबला झाला, आणि असे फलक केवळ कार्यालयांतील जागृतीसाठी असून फेरीवाल्यांच्या पदार्थांवर इशारे छापण्याचा आदेश नाही, असा खुलासा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला करावा लागला. या धर्मयुद्धात जिलेबी आघाडीवर लढत असताना तिच्या पाठीमागे शीतपेयाची बाटली सुखरूप उभी राहिली. लस्सी आणि ठंडाई यांचे माप कोण घेणार, हा प्रश्नही याच पक्षाचा असून तो रास्त आहे, परंतु कुल्हडात काय पडते ते गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत पडते, आणि बाटलीतली साखर मात्र विरघळून अदृश्य होऊनच येते. दुसरा आक्षेप अनुभवाचा: फलक कोणी वाचत नाही म्हणून तो निरर्थक आहे, आणि तो लावल्यास धंदा बसेल म्हणून तो घातक आहे. ही दोन्ही विधाने एकाच श्वासात केली जातात, यावरून या व्यवसायातील फुप्फुसांच्या क्षमतेची कल्पना यावी.

ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमागे ५ आणि ८ ग्रॅम साखरेच्या पायऱ्या ठरवून कर बसवला, तेव्हा कर चुकवण्यासाठी अनेक उत्पादकांनी पेयातली साखरच घटवली. आकडा ग्राहकाने वाचला नाही तरी तो कारखानदाराला वाचावा लागला. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून वायुमिश्रित गोड पेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो, पण साखर भरपूर असो वा मुळीच नसो, दर तोच राहतो, आणि समदृष्टीचा याहून थोर आदर्श काशीतल्या वेदान्त्यांनाही सापडणे कठीण आहे.

तेव्हा पेटीच्या दर्शनी बाजूला किमतीच्या आकड्याशेजारी ‘साखर सहा चमचे’ एवढेच खडूने लिहिण्याची सूचना कितीही स्वस्त असली, तरी ती अव्यवहार्य ठरवणे भाग आहे. कारण किमतीचा फलक ग्राहक वाचतो, हे विक्रेत्यांना पुरते ठाऊक आहे.