दसऱ्याला चालू होणार

पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवत मागे टाकलं किंवा नगर रस्त्याने शिक्रापूर ओलांडलं, की हा माणूस वस्त्यावस्त्यांवर भेटायला लागतो. गोठ्याला लागून पत्र्याचं शेड, शेडमध्ये चाकं काढून ओंडक्यांवर चढवलेला जुना ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरखालून बाहेर आलेले दोन पाय, एवढ्यावर तो ओळखावा. पायांना विचारलं, "तात्या आहेत का?" तर खालून एक काळा हात बाहेर येतो. "तो पाना द्या जरा." कुठला, हे सांगायची पद्धत नाही. पसाऱ्यात तीस-चाळीस पाने असतात आणि तुम्ही उचललेला सोडून दुसराच हवा असतो.

त्याला आपण तात्या म्हणू. काही वस्त्यांवर तो अण्णा असतो, काहींवर बापू. कधी निवृत्त मास्तर असतो, कधी दौंडच्या रेल्वेतून सुटलेला फिटर. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, बंडीवर ग्रीसचे नकाशे, खिशात पेनाऐवजी फिलर गेज. आणि तोंडात एक वाक्य कायमचं, "दसऱ्याला चालू होतोय." कोणत्या दसऱ्याला, ते त्याने आजवर कधी सांगितलेलं नाही. त्यामुळे तो खोटा पडत नाही.

ट्रॅक्टर आला कुठून, याची कथा दर वेळी निराळी असते. वडिलांनी घेतलेला, मेव्हण्याच्या शेतात बाभळीखाली सडत पडलेला, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेला असताना "उतरव खाली" म्हणून आणलेला. शेवटची कथा सांगताना तात्याचा आवाज कापतो. किती किलोच्या भावाने आणला, हे मात्र तो घरात कुणाला सांगत नाही.

वंशावळ सांगताना मात्र एक शब्द चुकत नाही. "हा बी-२७५. मूळ घर इंग्लंडचं डॉनकास्टर. कंपनी इंटरनॅशनल हार्वेस्टर, अमेरिकेची. १९६३ साली महिंद्राशी सोयरीक झाली, मग कांदिवलीला संसार थाटला." पाठोपाठ बाकीच्या ट्रॅक्टरांची पत्रिका. आयशर १९५९चा, देशात बनलेला पहिला, जर्मन वळणाचा, हवेवर थंड होणारा. त्याला रेडिएटरच नाही, म्हणून पाणी घालायला विसरणाऱ्यांसाठी उत्तम. एचएमटीचा ट्रॅक्टर १९७१पासून, पिंजोरचा, पण रक्त चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं. स्वराज १९७४चा, तो मात्र अस्सल देशी, आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतला. स्वतःच्या नातवाची जन्मतारीख विचारली तर हाच तात्या वहिनींकडे बघतो.

रंगात आला की तो हिलरीवर येतो. "एव्हरेस्ट चढला ते सगळ्यांना ठाऊक हाय. पण पुढं दक्षिण ध्रुवावर कशानं गेला? ट्रॅक्टरनं!" ही थाप नाही. ४ जानेवारी १९५८ला एडमंड हिलरीची तुकडी फर्ग्युसन ट्रॅक्टर हाकत दक्षिण ध्रुवावर पोचली होती. बर्फासाठी चाकांवर पट्टे चढवले होते, बाकी ट्रॅक्टर शेतातलाच. आपल्याकडचा टॅफेचा मॅसी फर्ग्युसन १०३५ त्याच घराण्यातला. तात्याचा शेजारी १०३५वालाच आहे. परवा त्याचा ट्रॅक्टर उसाच्या सरीत रुतला, तेव्हा तात्या बांधावर उभा राहून म्हणाला, "ध्रुवावर गेलेलं घराणं, आन् अडकलं कुठं, तर पाटाच्या पाण्यात!"

हे सगळं घडतं कुठे, तर ज्या शिरूर तालुक्यात सणसवाडीला जॉन डिअरचा मोठा कारखाना आहे तिथे. नवेकोरे हिरवे ट्रॅक्टर तिथून बाहेर पडतात, परदेशीही जातात. नगर रस्त्यावर ट्रेलरवर लादलेली ती रांग तात्याच्या वस्तीसमोरून जाते. तात्या मान वर करत नाही. "सेन्सर हाय त्यात," एवढंच म्हणतो, लग्नाच्या बोलणीत मुलाबद्दल "पितो थोडी" म्हणावं त्या सुरात.

तरी या भागात अशा माणसांचं पीक यावं याला कारणं आहेत. मुठा कालवा, चासकमान, घोड धरण यांच्या पाण्याने ऊस आला. उसापाठोपाठ केडगाव-दौंडकडची गुऱ्हाळं आली, पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा असे साखर कारखाने आले. गुऱ्हाळाचं इंजिन ऐन हंगामात रात्री दोनला बंद पडलं, तर कंपनीचा माणूस येईपर्यंत रसाचं वाटोळं. मग गावातच लेथवाले, वेल्डर, पंप-नोझलवाले तयार झाले. पाबळला डॉ. एस. एस. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हाताने करून शिकायचं, हे तिथलं शिक्षण. तिथे जुन्या जीपचे भाग घेऊन 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टरसुद्धा तयार झाला होता. तात्याच्या कानावर ही गोष्ट आल्यापासून दारात जीप उभी करताना पाहुणे जरा लांबच लावतात.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन जाम होतं ते बहुतेक वेळा साध्या कारणाने. बोनटवर उभ्या असलेल्या सायलेन्सरच्या तोंडावर कुणी उलटा डबा घातलेला नसतो. चार पावसाळ्यांचं पाणी आत उतरतं आणि पिस्टन लायनरला गंज धरून बसतो. घाईचा माणूस इथे घण उचलतो. तात्या नोझल काढतो, भोकातून डिझेल आणि ऑइल एकत्र करून ओततो आणि थांबतो. दररोज सकाळी चहाच्या आधी फ्लायव्हीलला टॉमी लावून दाबून बघायचं. हलत नाही. पुन्हा डिझेल. एखाद्या सकाळी अर्धा इंच हलतं, आणि त्या दिवशी शेजारपाजारच्यांना पेढे मिळतात. कशाचे, हे विचारायचं नाही.

मग हेड उतरतं, क्रँक निघतो, आणि दौंडला घासायला जातो. "वीस थाऊ घासला, आता वीसच्याच बेअरिंगा लागतील," हे तात्या ज्या गांभीर्याने सांगतो, ते ऐकून नवखा माणूस आजारपणाची चौकशी करतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आठ एकराच्या वाटपात दोन गुंठे कमी आले तेव्हा जो माणूस "जाऊ द्या, भाऊच हाय" म्हणाला, तो इथे केसाच्या जाडीएवढ्या फरकावरून लेथवाल्याशी आठ दिवस बोलत नाही.

पान्यांचं दुखणं वेगळंच. २७५चं घराणं इंग्रजी, त्यामुळे त्याचे बोल्ट इंचात. एचएमटी झेटरचा, म्हणून मिलिमीटरमध्ये. तात्याकडे दोन्ही ट्रॅक्टर, म्हणून दोन्ही पान्यांचे संच, आणि दोन्ही संच एकाच गोणपाटावर. पाच सुताच्या बोल्टला सोळाचा पाना बसल्यासारखा वाटतो. अगदी बसतो म्हणा ना. पण गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की पाना सरकतो, बोल्टचे कोपरे गोल होतात आणि तात्याची बोटं चासीवर आपटतात. त्या वेळी जे शब्द निघतात ते ऐकून गोठ्यातल्या गाईसुद्धा रवंथ थांबवतात.

सुट्या भागांसाठी भटकंती आलीच. बुधवारी-रविवारी पुण्याचा जुना बाजार, शनिवारी भीमेपलीकडे काष्टी. काष्टीचा बाजार जनावरांचा, पण तिथे चार जिल्ह्यांची माणसं भेटतात, आणि कुणाच्या गोठ्यामागे कोणता ट्रॅक्टर कुजतोय याच्या खबरा बैलांच्या भावाबरोबरच फिरतात. अवघड प्रकरण चौफुल्याचं. "जरा चौफुल्याला जाऊन येतो," असं साठीतल्या माणसाने संध्याकाळी सांगितलं, की पंचक्रोशीत त्याचा एकच अर्थ निघतो, कारण चौफुला कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध. तात्या खरोखर चौकातल्या गॅरेजवाल्याकडे डायनामो बघायला जातो. रात्री दहाला डायनामो काखोटीला मारून परत येतो. गावाचा विश्वास बसत नाही. वहिनींचा बसतो. "बाईवर खर्च केला असता तर हिशेब तरी लागला असता," असं त्यांचं मत.

या वहिनी हे स्वतंत्र प्रकरण आहे. सुरुवातीला त्यांनी विरोध केला, मग अबोला धरला, आता त्या सेल्फ मारतात. डिझेलच्या पायपात हवा शिरली की इंजिन चालू होत नाही; ती काढताना एकाने नट सैल करून थेंब बघायचे आणि दुसऱ्याने वर बसून सेल्फ मारायचा, असं दोन माणसांचं काम. मुलगा कामावर, सून शाळेत शिकवायला, तेव्हा दुसरं माणूस वहिनीच. "बुडबुडे थांबले का?" त्या वरून विचारतात. धुराची परीक्षाही त्यांना येते. काळा आला तर एअर क्लीनर बघा नाहीतर डिझेल जास्त होतंय, निळा आला तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. पांढरा येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर हेड गॅसकेटमधून पाणी आत जातंय. महिला मंडळाच्या भिशीत त्यांनी हे एकदा सांगितलं. भिशीतल्या तिघींचे नवरे तात्याच्याच जातीचे निघाले.

अलीकडे या जातीत एक नवी शाखा फुटली आहे. रांजणगाव एमआयडीसीत नोकरी करणारा, रविवारी सुट्टी असलेला तिशीतला पोरगा. त्याला मोठा ट्रॅक्टर नको, छोटा हवा. ऊस-द्राक्षात आंतरमशागतीला घेतलेले मित्सुबिशी शक्तीसारखे साडेअठरा हॉर्सपॉवरचे जुने छोटे ट्रॅक्टर आता कोपऱ्यात पडू लागलेत. तो ते शोधतो. तात्या इंजिनापासून सुरुवात करतो, पोरगा रंगापासून. परिणामी तात्याचा ट्रॅक्टर चालतो पण बघवत नाही, आणि पोराचा बघत राहावा असा असतो पण चालत नाही. दोघांनी एकत्र यावं असं गावाला वाटतं. दोघांनाही वाटत नाही.

याच पोराने तात्याला मोबाइलवर अमेरिकेतले गार्डन ट्रॅक्टर दाखवले. घरामागचं गवत कापायचा, खुर्चीएवढा ट्रॅक्टर. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१च्या सुमारास 'कब कॅडेट' काढला, जॉन डिअरने १९६३ला '११०'. ते जुने गवतकापे खरवडून, रंगवून पुन्हा सुरू करणं हा तिकडच्या कित्येक निवृत्तांचा छंद. कब कॅडेट, म्हणजे २७५चा हा सावत्र भाऊ, तात्याने चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "गवत कापून टाकून देत्यात? मग म्हशी काय खात्यात?"

कागदपत्रांचा अध्याय थोडक्यात उरकलेला बरा. नंबर प्लेट एमएच सुरू व्हायच्या आधीची, तीन अक्षरांची. आरसी बुक उंदरांनी अर्धं वाचलेलं. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. नियम खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींचे. "माझ्याला बी चारच चाकं हायेत," तात्याचा युक्तिवाद. पण चासी-इंजिनात मोठा फेरफार नको, वाहन मूळ रूपात हवं, हे वाचल्यावर तो गप्प झाला. त्याच्या २७५चं बोनट श्रीगोंद्याचं, डायनामो चौफुल्याचा आणि सीट कुठल्या तरी टेम्पोची.

या सगळ्यात तात्याचा ऊस कोण बांधतो? शेजारचा १०३५वाला, भाड्याने. चालू झालेला जुना ट्रॅक्टर शेतात घालणं तात्याला पटत नाही. "झिजंल ना!" ट्रॅक्टर फक्त खंडेनवमीला धुतला जातो, झेंडूची माळ घालून अंगणात दोन चकरा मारतो आणि परत शेडमध्ये जातो. तोवर शेडच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली काहीतरी आलेलं असतं. "हा पुढच्या दसऱ्याला," तात्या सांगतो.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या गोठ्यामागे असा एखादा सांगाडा पडला असेल, तर भंगाराच्या काट्यावर घालण्याआधी दौंड-शिरूरकडे एक निरोप धाडा. इंजिन आणि चासीवरच्या नंबरच्या पट्ट्या उचकटू नका, सायलेन्सरवर आजच एक डबा उलटा घाला आणि आरसी बुक उंदरांच्या हाती लागेल असं ठेवू नका. भावाची काळजी नको. तो तुम्ही सांगाल तोच ठरेल, कारण तात्या उधारीवरच नेणार आहे.