आवडते दहा

आमच्या तालुक्याच्या गावी एक सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. प्रक्षेपणाची ताकद शंभर वॅट, म्हणजे पूर्वी ओसरीवर लावायचो त्या पिवळ्या दिव्याइतकी. पश्चिमेला डोंगर आडवा येतो, त्यामुळे पलीकडची गावं माझ्या कार्यक्रमातून सुखरूप बचावली आहेत. अलीकडच्यांना मात्र दर गुरुवारी अकरा ते बारा 'मातीचे सूर' ऐकावे लागतात. लोकसंगीताच्या कार्यक्रमाच्या नावात माती लागतेच. आधीच्या निवेदकांनी 'मृद्गंध' अडवून ठेवला होता. माझ्यावरही कोणी आक्षेप घेतलाच असता, तर 'काळी आई' हाताशी होतं.

मी बँकेत रोखपाल होतो. खिडकीमागून 'सुटे द्या' एवढंच ओरडण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यापुढे मायक्रोफोन आला की काय होतं, हे घरच्यांना विचारा. माझा आवाज एकदम दोन पायऱ्या खाली उतरतो आणि मी 'वाहवा'च्या आधी अर्धं मिनिट थांबतो. त्या थांबण्याला मी आशय समजतो. काचेपलीकडचा तंत्रज्ञ पोरगा त्याला 'डेड एअर' म्हणतो.

डिसेंबरात केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, "काका, वर्षअखेर आहे. तुमचे आवडते दहा अल्बम सांगा ना. सगळे सांगतात." त्या रात्री मी पलंगाखालची कॅसेटची खोकी ओढली. सौ. म्हणाली, "अहो, दहा निवडताय की रद्दी काढताय?" तिला आशय कळत नाही.

मी पहिल्याच भागात ठणकावून सांगितलं होतं, की ज्याचा कर्ता ठाऊक नाही तेच अस्सल लोकगीत. ह्या व्याख्येने माझा घात केला. कोळीगीतांची जी तबकडी मी जिवापाड जपली, तिचे शब्द शांता शेळक्यांचे, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. त्यातला डोलकर तर हेमंतकुमारांच्या आवाजात दर्यावर निघतो, म्हणजे गडी थेट बंगालच्या उपसागरातून आलेला. लावणीकडे वळलो. बुगडी आमच्याकडे प्रत्येक लग्नात लोकगीत म्हणून सांडते. पण ती 1959च्या 'सांगत्ये ऐका'तली, शब्द गदिमांचे, संगीत वसंत पवारांचं, गळा आशाबाईंचा. सुलोचना चव्हाणांना अख्खा महाराष्ट्र लावणीसम्राज्ञी म्हणतो, पण माझ्याकडच्या त्यांच्या कॅसेटवर पाहावं तर प्रत्येक गाण्यापुढे चित्रपटाचं नाव. शाहीर साबळ्यांचं महाराष्ट्रगीत घ्यावं, तर ते राजा बढ्यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळ्यांनी बांधलेलं आणि 2023 साली राज्यगीत झालेलं. सरकारी शिक्का बसलेल्या गाण्याला अनामिक कसं म्हणायचं? यादीत दहाच्या जागी माझं नाव आणि तारीख उरली.

मग ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. इथे तरी व्याख्या टिकेल म्हणून मी सरसावलो. पण त्या दोघांनी ओवी कोणत्या बाईने म्हटली, ती कुठल्या गावची, हेसुद्धा टिपून ठेवलेलं! शिवाय हा अल्बम नव्हेच. ना वेष्टन, ना बाजू अ, ना बाजू ब. सासर-माहेर, नवरा, पाऊस, डॉ. आंबेडकर असं सगळं पोटात घेतलेला तो ऐवज. तो दहांत कितवा धरायचा? मॅडमच्या तक्त्यात क्रमांक, नाव, वर्ष, कंपनी असे चार रकाने होते. मी त्या ओळीत 'पाहावे' असं लिहिलं. बँकेत असताना न जुळणाऱ्या नोंदीपुढे हेच लिहायचो.

गोंधळाचं दुखणं वेगळंच. गोंधळ रात्री उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. जुन्या 78च्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. संबळ तापायचं, मग गावोगावच्या देवांना नावानिशी आवतण द्यायचं, तेवढ्यातच सुई आतल्या कडेला टेकते. सगळे देव जमले आणि कार्यक्रम रद्द. पुढे कॅसेट आली, दर बाजूला तीस-पंचेचाळीस मिनिटं मिळू लागली, तेव्हा कुठे आख्यानाला हातपाय पसरता आले. कॅसेटला नाकं मुरडणाऱ्यांनी हा हिशेब करावा. मीही बरीच वर्षं मुरडत होतो. 1980च्या दशकात आनंद शिंद्यांच्या पोपटाने रिक्षा, रसवंत्या आणि वराती ताब्यात घेतल्या, तेव्हा 'ह्याला लोकसंगीत म्हणत नाहीत' हे मी चारचौघांत सांगायचो. ती कॅसेट माझ्या खोक्यात 'संदर्भासाठी' आहे. कशाच्या संदर्भासाठी, हे सौ. अजून विचारते.

अखेर व्याख्या गुंडाळून, आवडेल ते घेऊन मी गुरुवारी स्टुडिओत बसलो. सुरुवात अफजलखानाच्या वधाच्या पोवाड्याने. कॅसेट लावली आणि खान प्रतापगडाच्या पायथ्याशी आला. बराच वेळ येतच राहिला. डफ टप... टप... असा वाजत होता. मी खूश! मायक्रोफोन उघडून म्हणालो, "हा खर्ज ऐका, श्रोतेहो. हा संयम आजच्या पिढीत नाही." काचेपलीकडे पोरगा हातवारे करत होता. मला वाटलं, दाद देतोय. तो रात्री हळदी-वरातींत डीजे लावतो, त्याच्यापर्यंत शाहिरी पोचली म्हणून मी त्याला मान लववून प्रतिसादही दिला. शेवटी त्याने कागद काचेला लावला: 'काका, पट्टा ढिला'.

मी पिशवीतून नोटांच्या बंडलाचं रबर काढून दिलं. तीस वर्षांच्या नोकरीत जमवलेली रबरं असतात माझ्याकडे. पोराने ते मोटरवर चढवलं, आणि खान असा धावत शामियान्यात शिरला, की मिठी, वार आणि कोथळा एका दमात उरकले. शाहिराचा आवाज शाळकरी मुलीसारखा झाला. मग करकर करत टेप आत गुंडाळली गेली. पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, हाच पोवाडा माझ्याकडे आहे. खाली बीट टाकलाय फक्त." त्याने लावला. मूळ चाल इंचभरही हलवली नव्हती त्याने. मला ताल धरावा लागला, पण टेबलाखालून.

आणि फोन पेटले. एक, दोन, सगळ्याच लाइनी. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी एक फोन सरळ ऑन एअर दिला.

"हॅलो, कोण? निवेदक का?"

"बोला, बोला! कुठला अल्बम आवडला?"

"आवडला, आवडला. पण बारा वाजून गेले की हो. लाल कांदा काय भावानं गेला ते कधी सांगताय? गाडी भरून उभीय."

माझ्यामागे बाजारभाव लागतात, हे मला ठाऊक होतं. माझे श्रोते त्या बाजारभावांचे आहेत, हे मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी कार्यक्रम बंद केला नाही, फक्त हलवला. आता दर गुरुवारी कांदा झाला की टोमॅटोच्या आधी एक आवडतं गाणं असतं. पोवाडा त्या फटीत मावत नाही. 78ची तबकडी मात्र चपखल बसते. संबळ तापतं, देव जमतात, आणि टोमॅटो येतो.