पडद्यावर पहिली

२००७पासून चाललेल्या बाहा एसएई इंडिया या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेत मैदानाआधी आभासी फेरी असते. तिथे आपल्या पोरांची गाडी सहसा मोडत नाही. अ‍ॅन्सिस सॉफ्टवेअरमध्ये रोल केजवर, म्हणजे गाडीच्या पाइपांच्या पिंजऱ्यावर, बळ लावलं की सगळं निळं-हिरवं. कुठे जादा ताणाचं लाल उमटलंच, तर रंगपट्टीची कमाल मर्यादा वाढवायची. पाइप जागच्या जागी मजबूत! प्राचार्यांचा सत्कारही तेवढ्यात उरकतो. मग येते पीथमपूरची चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत. तिथल्या खड्ड्यांना संगणकातली मेश कळत नाही (आणि प्राचार्यही). भोसरीच्या वेल्डरकाकांनी ‘पोरांनो, हा सांधा सुटणार’ म्हणून आधीच बजावलेलं असतं. पण काकांचं विश्लेषण पडलं तोंडी. रंगीत प्रिंट नाही, त्यामुळे डिझाइन रिपोर्टला जोडता येईना.